घर ठाण्यात, खरेदीदार बडोद्यात : सरकारी पोर्टलांची झाडाझडती

बडोदा, बेळगाव, हैदराबाद इथून ठाण्याला किंवा नवी मुंबईला बदलून येणारी मराठी कुटुंबं घर बघायला लागली की सगळ्यात आधी कागदांच्या नावांवर अडखळतात. बेळगावचे पाहुणे विचारतात, "ईसी कुठे मिळेल? खाता कुणाच्या नावावर आहे?" (ईसी म्हणजे मिळकतीवरच्या बोज्यांचा दाखला, खाता म्हणजे पालिकेतली मिळकतीची नोंद.) बडोद्याचे म्हणतात, "बानाखत झालं की दस्तावेज कधी करायचा?" समोरचा एजंट म्हणतो, "काका, इकडे असं काही नसतं, तुम्ही टोकन द्या." तिथेच थांबावं. इकडेही सगळं असतं, फक्त नावं वेगळी आहेत आणि बरंचसं घरबसल्या तपासता येतं. टोकन देण्याआधी बाहेरगावाहून उघडता येतील अशा सरकारी सेवांपैकी कोणती किती कामाची आहे, ते इथे बघू.

आधी नावांचा उलगडा. गुजरातेत बानाखत हा करार आणि त्यानंतरचा दस्तावेज ही खरी खरेदी. महाराष्ट्रात फ्लॅटच्या ॲग्रीमेंट फॉर सेलवरच पूर्ण मुद्रांक शुल्क भरून ते नोंदवतात. बिल्डरकडून घेतलेल्या फ्लॅटला पुढे बहुतेक वेळा वेगळं सेल डीड होतच नाही. जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे होते (अभिहस्तांतरण) आणि सभासदाच्या हातात राहतं नोंदलेलं ॲग्रीमेंट आणि भाग दाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट. त्यामुळे पुनर्विक्रीच्या घराला 'सेल डीड दाखवा' म्हणून अडून बसण्यात अर्थ नाही. पहिल्या बिल्डर-ॲग्रीमेंटपासून आजच्या विक्रेत्यापर्यंतची नोंदलेल्या करारांची अखंड साखळी मागायची, प्रत्येकाच्या सूची २ सकट (ती काय असते, ते पुढे येतं). कर्नाटकातल्या ईसीचं काम इथे वकिलाचा सर्च रिपोर्ट करतो, आणि त्या रिपोर्टचा कच्चा माल पहिल्या पोर्टलवर फुकट पडलेला आहे.

ते पोर्टल म्हणजे नोंदणी व मुद्रांक विभागाचं ई-सर्च. दिसायला सगळ्यात गबाळं, कामाला सगळ्यात पक्कं. पाच पैकी साडेचार गुण द्यायला हरकत नाही. अर्धा गुण कॅप्चाने खाल्ला. पहिला कॅप्चा टाकला की पान नुसतं हलतं आणि दुसरा येतो. तोही टाकायचा, मग निकाल दिसतो. काही बिघडलंय असं समजून साइट बंद करू नये.

शोध दोन तऱ्हांनी होतो, मिळकतीवरून किंवा दस्त क्रमांकावरून. मिळकतीवरून शोधताना वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि मिळकत क्रमांक लागतो. बाहेरून आलेले लोक हमखास गावाशी अडतात, कारण 'घोडबंदर रोड' नावाचं गाव सरकारदरबारी नाही. त्या रस्त्यावरचा टॉवर बाळकुम, कोलशेत, कावेसर, चितळसर मानपाडा, वडवली, ओवळे, भाईंदरपाडा यांपैकी कुठल्यातरी गावच्या सर्व्हे नंबरवर उभा असतो. ब्रोशरवर 'ठाणे पश्चिम' लिहिलेलं असतं, गाव मात्र ॲग्रीमेंटच्या शेवटी मिळकतीच्या वर्णनात सापडतं. नौपाडा-पाचपाखाडीकडच्या जुन्या ठाण्यात सिटी सर्व्हे नंबरच्या आधी 'टिका क्रमांक' असतो. तो वगळला तर भलतीच मिळकत समोर येते. नवी मुंबईत आणखी एक खोच आहे. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचा पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो, तर खारघर, पनवेल, उलवे रायगड जिल्ह्यात. खारघरचा फ्लॅट ठाणे जिल्ह्यात शोधत बसलात तर जन्मात सापडणार नाही.

शोध एका वेळी एकाच वर्षाचा होतो. २००६ सालच्या फ्लॅटचा इतिहास बघायचा तर वीसेक वेळा तेच करायचं, कॅप्चासकट. मुंबईबाहेरच्या संगणकीय नोंदी साधारण २००२ पासूनच्या आहेत. त्याआधीचं काम वकिलाने निबंधक कार्यालयात जाऊन करायचं. मिळकत क्रमांकात नुसता फ्लॅट नंबर टाकला की गावभरचे १२०४ समोर येतात, नुसता सर्व्हे नंबर टाकला की यादी लांबते. नोंदी हाताने टाइप केलेल्या असल्याने इमारतीचं नाव तीन प्रकारे लिहिलेलं आढळतं. म्हणून दोन्ही नंबरांनी शोधावं आणि जे दोन्हीकडे येतं ते उघडावं.

उघडतो तो कागद म्हणजे सूची क्रमांक २, सगळे लोक म्हणतात इंडेक्स टू. एक पान, चौदा रकाने. (१) विलेखाचा प्रकार: इथे 'करारनामा' आहे की 'बक्षीसपत्र' की 'चुकदुरुस्ती' ते बघा. विक्रेत्याला घर बक्षीसपत्राने मिळालं असेल तर बाकीच्या वारसांची चौकशी वाढते. (२) मोबदला आणि (३) बाजारभाव शेजारीशेजारी असतात. (४) मध्ये मिळकतीचं वर्णन, (५) मध्ये क्षेत्रफळ. (७) आणि (८) मध्ये करून देणारे आणि करून घेणारे. खरेदीदार म्हणून दोन नावं असतील आणि आज विकायला एकच जण उभा असेल, तर दुसरी व्यक्ती कुठे आहे हा पहिला प्रश्न. (९) आणि (१०) मधल्या तारखा, म्हणजे करून दिल्याची आणि नोंदल्याची, यांत चार महिन्यांहून जास्त अंतर दिसलं तर कारण विचारा, कारण दस्त नोंदवायची नेहमीची मुदत तेवढीच आहे.

याच पानाचा आणखी एक उपयोग आहे, तो एजंट सांगत नाहीत. त्याच इमारतीतले गेल्या दोन वर्षांतले इतर फ्लॅट शोधा आणि (२) आणि (५) वाचा. 'इथे याच्याखाली कुणी विकतच नाही' या वाक्याची तपासणी पंधरा मिनिटांत होते. फक्त क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आहे की फुटांत, कार्पेट (भिंतींच्या आतलं) आहे की बिल्ट-अप (भिंती धरून), आणि पार्किंग धरलंय का, ते वाचूनच दर काढा.

विक्रेत्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेली जुन्या ॲग्रीमेंटची पीडीएफ असेल तर प्रत्येक पानावरच्या चौकोनी शिक्क्याकडे बघा. 'टनन' म्हणजे ठाण्याचं कार्यालय, 'पवल' म्हणजे पनवेल, 'कलन' म्हणजे कल्याण. त्यापुढे कार्यालयाचा अनुक्रमांक, दस्त क्रमांक, वर्ष, आणि खाली पान आणि एकूण पानं, उदाहरणार्थ ३/८४. चौऱ्याऐंशीपैकी साठच पानं आली असतील तर उरलेली मागा. पार्किंगचा मजकूर आणि मिळकतीचं वर्णन नेमकं त्यातच असतं. शिक्क्यावरचा दस्त क्रमांक आणि वर्ष पोर्टलवर टाकून तोच दस्त निघतो का ते पाहणं ही दोन मिनिटांची खात्री आहे.

मर्यादाही सांगायला हवी. नोटरी केलेले करार, कुलमुखत्यारपत्रावरचे अर्धवट व्यवहार इथे दिसत नाहीत. बँकेकडे मूळ कागद ठेवून घेतलेल्या कर्जाची सूचना ३० दिवसांत नोंदवायची असते, ती बहुधा दिसते. तरी सेरसाईवर, म्हणजे तारण कर्जांच्या केंद्रीय नोंदवहीवर, वेगळा शोध घ्यावा, आणि मूळ कागद बँकेत आहेत की विक्रेत्याच्या कपाटात, हे टोकनआधी डोळ्यांनी बघावं.

दुसरं पोर्टल महारेरा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचं. बांधकाम चालू असलेल्या घरासाठी याला पर्याय नाही, पण नंबर आहे म्हणजे सगळं आलबेल, असं समजणं महागात पडतं. डोंबिवलीत ६५ इमारतींच्या बाबतीत महापालिकेची बनावट परवानगी जोडून महारेरा क्रमांक मिळवले गेले आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. तिथे बँकांनी कर्जंही दिलेली होती. साइटवरचे कागद बिल्डर स्वतः चढवतो, हे लक्षात ठेवून वाचायचं.

नेहमीच्या नोंदणी क्रमांकात जिल्हा लपलेला असतो: पी५१७ म्हणजे ठाणे, पी५२० म्हणजे रायगड. जाहिरातीवर ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन केल्यावर भलत्याच टप्प्याचं पान उघडत नाही ना ते बघा, कारण एकाच संकुलात दर टॉवरला वेगळी नोंदणी असू शकते. पान उघडल्यावर पूर्ण होण्याची मूळ तारीख आणि सुधारित तारीख यांतलं अंतर आधी बघायचं. मग किती सदनिका विकल्या, खटल्यांची माहिती, आणि शेवटी सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी. ठाणे महापालिकेच्या सीसीवर व्ही. पी. नंबर, म्हणजे परवानगीच्या प्रकरणाचा क्रमांक, असतो. त्यात विंगचं नाव आणि मजले नीट वाचा. 'स्टिल्ट अधिक २२' पर्यंत परवानगी असताना २७ वा मजला 'प्री-लाँच' म्हणून विकायला निघालेला दिसतो तो इथेच. शंका आली तर व्ही. पी. नंबर घेऊन महापालिकेच्या शहर विकास विभागात विचारायचं.

नोंदलेल्या ॲग्रीमेंटआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. 'आधी २० द्या, मग नोंदणी' असं म्हटलं की रेरा कायद्याचं कलम १३ एवढं तोंडून काढलं तरी सूर बदलतो. तक्रारीची फी ५,००० रुपये. आदेश मिळणं जमतं, पैसे हातात पडायला मात्र वसुली जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जाते आणि तिथे वेळ लागतो. म्हणून तीन गुण, तेही आधी वाचणाऱ्यासाठी. पुनर्विक्रीच्या घराला महारेराचा उपयोग फार थोडा.

तिसरं, ई-एएसआर, म्हणजे वार्षिक मूल्यदर तक्ता. बोलीत रेडी रेकनर. जिल्हा, तालुका, गाव, सर्व्हे नंबर टाकला की चौरस मीटरचा दर येतो. गफलत इथे होते: दर बिल्ट-अपवर असतो, आपल्याकडे आकडा कार्पेटचा असतो. रेरा कार्पेटला १.१ ने गुणायचं. लिफ्टच्या इमारतीत ५ ते १० मजल्याला ५ टक्के, ११ ते २० ला १० टक्के, २१ ते ३० ला १५ टक्के वाढ. समजा कार्पेट ६० चौ.मी., दर १,००,००० रुपये, मजला बारावा: ६६ चौ.मी., ६६ लाख, वाढीसह ७२ लाख ६० हजार. करारात किंमत ९० लाख असेल तर शुल्क जास्तीच्या रकमेवर, म्हणजे ९० लाखांवर. ठाणे महापालिका हद्दीत ७ टक्के (५ मूळ, १ स्थानिक संस्था, १ मेट्रो उपकर), म्हणजे ६ लाख ३० हजार. नोंदणी फी ३०,००० वर थांबते. बडोद्याच्या ४.९ टक्क्यांची सवय असलेल्याचं बजेट इथेच कोलमडतं. गुजरातेत बाईच्या नावे घेतलं की नोंदणी फी माफ. इथे सवलत मुद्रांकात, १ टक्का, पण दस्तात सगळे खरेदीदार स्त्रियाच असल्या तर. नवरा-बायको दोघांची नावं टाकली की ९० हजारांची सवलत गेली. बँक सहकर्जदार म्हणून नवऱ्याला घेतेच, त्यासाठी तो सहमालक असलाच पाहिजे का, हे बँकेला आधी विचारून घ्या. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीवर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा, तो विक्रेत्याच्या रकमेतून. विक्रेता परदेशात राहत असेल तर हा १ टक्क्याचा नियम लागू नाही, सीए गाठा. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी वेगळा; ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) मिळालेल्या घराला तो नाही.

नवी मुंबईसाठी सगळ्यात वर सिडको. १९७० मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाने जमीन साधारण ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली आहे. त्यामुळे पुनर्विक्रीत सोसायटीच्या परवानगीबरोबर सिडकोची हस्तांतरण परवानगी आणि क्षेत्रफळानुसार शुल्क येतं. हे शुल्क कोण भरणार ते ॲग्रीमेंटमध्ये आकड्यासकट लिहून घ्या. 'नंतर बघू' म्हटलं की ते खरेदीदाराच्या माथी येतं. मोठी अडचण वेगळीच: मधल्या मालकाने सोसायटीत नाव चढवलं, सिडकोत चढवलंच नाही. मग मागच्या हस्तांतरणाचाही हिशेब आधी मिटवावा लागतो. म्हणून विक्रेत्याकडून त्याच्या नावाचा सिडकोचा अंतिम आदेश मागायचा. भाग दाखल्यावर भागवायचं नाही. महापालिका हद्दीतल्या सोसायटीला हस्तांतरण अधिमूल्य जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येतं. त्यावर 'विकास निधी' म्हणून मागितले तर लेखी मागा, मागणी बऱ्याचदा तिथेच विरते. आणि गावठाणालगतच्या इमारतीतला फ्लॅट शेजारच्या सेक्टरपेक्षा खूप स्वस्त दिसला, बँक कर्ज द्यायला नाही म्हणाली, तर ओसीची प्रत मागायची. ती नसेल तर स्वस्ताईचं कोडं सुटलं.

घराचं झालं, आता बदलून येताना सोबत येणाऱ्या गाडीचं. ती बाहेरच्या राज्याची असेल तर १२ महिन्यांत इथला नंबर घ्यावा लागतो: ठाणे एमएच ०४, वाशी एमएच ४३, पनवेल एमएच ४६. निघण्याआधी जुन्या आरटीओतून फॉर्म २८ वर एनओसी घ्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं संमतिपत्र आधी, कारण सामानाच्या टेम्पोबरोबर ठाण्यात पोहोचल्यावर त्यासाठी परत बेळगाव गाठावं लागतं.