पंपाची भीती घालून विकलेली पुडी

कोजागिरीच्या रात्री खिरीतून दम्याचं औषध देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. बहुतेक ठिकाणी ते फुकट असतं आणि देणाऱ्याला त्यातून काही कमवायचं नसतं. त्या रीतीशी माझं भांडण नाही. तिच्या आडून नागपुरात जो धंदा चालतो त्याबद्दल हे लिहितोय. माझी आई त्यात सापडली आणि जानेवारीत आयसीयूत पोहोचली.

आईला सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागत राहणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार. तिनं कधी विडीला हात लावला नाही. पण लग्नानंतरची कितीतरी वर्षं काटोलकडच्या गावात, पऱ्हाट्या-तुराट्यांच्या चुलीपुढे गेली. आपल्याकडच्या बायकांना हा आजार बरेचदा असाच होतो. नागपूरला आल्यावर गॅस मिळाला, पण फुफ्फुसांचं जे झालं ते झालं. रोज दोनदा पंप, म्हणजे श्वासातून औषध ओढायचा इनहेलर, घ्यायची, आणि थंडी आली की एकदा तरी आजार उसळायचाच. आधी साधी सर्दी, मग छाती भरायची, बेडका पिवळा-हिरवा व्हायचा, न्हाणीपर्यंत जाऊन यायलाही धाप लागायची. अशा वेळी डॉक्टर नेब्युलायझरनं औषधाची वाफ, चार-पाच दिवस सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडच्या गोळ्या आणि बेडक्याचा रंग बदलला असेल तर अँटिबायोटिक द्यायचे. आठ-पंधरा दिवसांत गाडी रुळावर यायची.

भजनी मंडळातल्या एका बाईंनी कोजागिरीच्या शिबिराचं सांगितलं. एका मंगल कार्यालयात खीर फुकट होती, पण खीर देण्याआधी एका वहीत नाव, मोबाइल नंबर, आजार किती वर्षांचा आणि सध्या कोणतं औषध चालू आहे, हे सगळं लिहून घेतलं. आता वाटतं, त्या रात्री खरं काम त्या वहीचंच होतं. आठवडाभरात ‘वैद्यजीं’चा फोन आला. बोलणं अगदी घरच्यासारखं. “मावशी, खिरीनं रोगाचं मूळ हललं. आता उपटून काढा लागते. तीन महिन्यांचा कोर्स करा.” महिन्याला अडीच हजार, रोख. एक पोरगा दुचाकीवर येऊन पुड्या देऊन जायचा. पारदर्शक पिशवीत कागदाच्या घड्या, आत तपकिरी चूर्ण. लेबल नाही, पावती नाही. मी पावती मागितली तर पोरगा म्हणाला, “भाऊ, सेवा आहे ही, दुकान नाही.”

आणि एक अट होती: पंप बंद. “त्या पंपात स्टेरॉइड असते, मावशी. हाडं पोकळ करते. सवय लागते. आमचं औषध चालू असताना तो घेतला तर आमच्या औषधाचा गुण जाते.”

या वाक्यात थोडं खरं होतं, म्हणूनच ते पटलं. आईच्या पंपात स्टेरॉइड आहेच. त्यानं तोंड येतं, म्हणून पंप घेतल्यावर चूळ भरायला सांगतात. सीओपीडीच्या काही पेशंटमध्ये न्यूमोनियाची शक्यताही त्यानं थोडी वाढते, आणि हे डॉक्टर लपवत नाहीत. पण पंपातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि ते थेट श्वासनळीत जातं. गोळीतलं मिलिग्रॅममध्ये मोजतात आणि ते रक्तातून सगळ्या अंगात फिरतं. एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. हा हिशेब त्या वैद्यजींना आमच्यापेक्षा चांगला माहीत असावा.

कारण पुडीनं गुण आला, आणि तो दुसऱ्याच दिवशी आला. आई म्हणाली, “मले तर दम नाही लागून राहिला!” दिवाळीत तिनं स्वतः उभं राहून चकल्या तळल्या. भूक एवढी वाढली की पोळ्या मोजणं सोडलं. गुडघेसुद्धा दुखेनात. शेजारच्या काकूंनी तिला पाहून त्यांच्या यजमानांसाठी पुड्या मागवल्या. जिवंत जाहिरात घरात फिरत असताना शंका कोण घेणार? नुसती राख देणारा भोंदू महिनाभरात उघडा पडतो. हा पडत नाही, कारण याच्या पुडीनं खरंच बरं वाटतं.

डिसेंबरात आईचा चेहरा गोल झाला, गाल लाल दिसायला लागले. पाहुणे म्हणायचे, तब्येत सुधारली. हातांवर नुसता धक्का लागला तरी निळे-जांभळे डाग उठायचे. मांड्यांमधली ताकद गेली, पाटावरून उठताना आधार लागायचा. रात्री लघवीला वारंवार उठायची. वैद्यजींचं उत्तर तयारच असायचं: “जुनं विष बाहेर निघून राहिलं.”

संक्रांतीच्या सुमारास खोकला वाढला आणि बेडका हिरवा झाला. ताप मात्र नव्हता. फोनवर उत्तर मिळालं, ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही, दोन पुड्या घ्या. मग पुड्या संपल्या आणि नेमका फोन बंद यायला लागला. एक-दोन दिवसांत आईला उलट्या सुरू झाल्या, उठवेना, बोलणं असंबद्ध झालं. तिला धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात नेलं तेव्हा बीपी खूप खाली होतं, शुगर वाढलेली होती, आणि एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसात न्यूमोनिया होता.

छातीच्या डॉक्टरांनी आईचा चेहरा पाहिला, हातांवरचे डाग पाहिले आणि पहिलाच प्रश्न विचारला, “मावशी, पुडी कोणाची घेता?” मी चमकलो. ते म्हणाले, दर थंडीत असे पेशंट येतात.

त्यांनी समजावलं ते असं. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवतं, त्याला कॉर्टिसॉल म्हणतात. बाहेरून रोज स्टेरॉइड मिळत राहिलं की ते बनवणाऱ्या ग्रंथी काम थांबवतात. आईच्या रक्तात कॉर्टिसॉल जवळजवळ नव्हतंच, आणि दिसायला मात्र ती स्टेरॉइड खूप झालेल्या पेशंटसारखी. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की स्टेरॉइड बाहेरून आलंय असाच अर्थ निघतो. पुडीतलं नेमकं औषध आणि डोस प्रयोगशाळेशिवाय कळत नाही. स्टेरॉइडनं सूज उतरते म्हणून दम कमी होतो, पण जंतूंशी लढण्याची ताकदही उतरते, आणि ताप दबतो. इन्फेक्शन आत वाढत राहतं, बाहेर दिसत नाही. जुना टीबीसुद्धा अशानं डोकं वर काढू शकतो, म्हणून बेडक्याची ती तपासणीही केली. सुदैवानं टीबी निघाला नाही.

म्हणजे आईला पंपातल्या स्टेरॉइडची भीती घालून पुडीतून स्टेरॉइडच खाऊ घातलं, तेही कितीतरी जास्त, महिनोन्‌महिने. डॉक्टर उसळीच्या वेळी ज्या गोळ्या चार-पाच दिवस देऊन थांबवतात, तेच काम इथे रोज चाललं होतं.

आयसीयूतली एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण तिच्यावरून आमच्या घरच्यांनी सिस्टरशी वाद घातला होता. ऑक्सिजन ‘कमी’ का ठेवलाय, ९९ का करत नाही? सीओपीडीत रक्तातला ऑक्सिजन साधारण ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवतात. जास्त दिला तर काही पेशंटच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि गुंगी येते. सिस्टर बरोबर होत्या.

वैद्यजींचा नंबर पुन्हा लागलाच नाही. मंगल कार्यालयाच्या मालकाकडे हॉल एका रात्रीसाठी दिल्याची नोंद होती, बाकी काही नाही. काकूंकडे उरलेल्या पुड्या घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे आणि पोलिसांत तक्रार दिली आहे.

तुमच्या घरी असं कोणी येत असेल तर काही गोष्टी बघा. बाजारात विकल्या जाणाऱ्या आयुर्वेदिक औषधावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि घटक छापावे लागतात. वैद्यानं स्वतःच्या पेशंटसाठी स्वतः बनवलेल्या औषधाला परवान्यातून सूट आहे, आणि ही मंडळी नेमकी त्या फटीत बसतात. म्हणून वैद्याचा महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनचा नोंदणी क्रमांक मागा. खरा वैद्य तो सांगायला कचरत नाही. आमच्या गल्लीतले आयुर्वेदाचे डॉक्टर हा प्रकार ऐकून माझ्यापेक्षा जास्त चिडले. चालू पंप बंद करायला सांगणारा, बाकीच्या डॉक्टरांना कळू देऊ नका म्हणणारा आणि एका रात्रीत गुण देणारा माणूस दिसला की तिथेच थांबा. पुडी सुरू झाल्यापासून चेहरा गोल होत असेल, शुगर चढत असेल, निळे डाग पडत असतील तर छातीच्या डॉक्टरांकडे जा.

आणि पुडी घेणं आधीच चालू असेल तर हे वाचून लगेच फेकून देऊ नका. अनेक आठवडे घेतलेलं स्टेरॉइड एकदम बंद केलं तर माणूस कोसळू शकतो, आईचं निम्मं तेच झालं. उरलेल्या पुड्या पिशवीसकट डॉक्टरांपुढे ठेवा. ते मोजून गोळी सुरू करतात आणि हळूहळू उतरवत नेतात. शेजारच्या काकांचं असंच चाललंय. आईची गोळीही अजून पूर्ण सुटलेली नाही. पंप तिनं हॉस्पिटलमधूनच पुन्हा सुरू केला, फ्लूची लसही घेतली. अन्न व औषध प्रशासनाचा टोल-फ्री नंबर १८००२२२३६५ आहे. तक्रार करताना न उघडलेली एक पुडी जपून ठेवा, आणि पैसे दिल्याचा, फोन आल्याचा जो पुरावा मोबाइलमध्ये असेल तो पुसू नका.