घोडा कमी, तरीही भारी
२०१८ पासून जगभरच्या स्वयंसेवकांच्या घरगुती संगणकांनी स्वतःशीच खेळलेल्या कोट्यवधी डावांतून ‘लीला चेस झिरो’ हे मुक्त बुद्धिबळ इंजिन (बुद्धिबळ खेळणारा संगणक-प्रोग्राम) शिकत गेले, आणि त्याचीच एक आवृत्ती लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या संकेतस्थळावर सुरुवातीपासून एक घोडा कमी घेऊन ग्रँडमास्टरांनाही आव्हान देते. इंजिनच्या प्रशिक्षणाला आपला संगणक जोडणे सोपे आहे. मात्र चांगले ग्राफिक्स कार्ड नसल्यास काम फारच रखडते, ही मोठी उणीव आहे. खरा आनंद घोडा कमी घेणाऱ्या त्या आवृत्तीशी खेळण्यात आहे. घोड्याच्या आघाडीवर विसंबून मी मोहऱ्यांची अदलाबदल करू लागलो, तर तिने वजिरांची अदलाबदल कटाक्षाने टाळली, पट गुंतागुंतीचा ठेवला आणि घड्याळाच्या घाईत माझा हत्ती टिपला. इतकी चिवट सरावाची जोडीदार मला आजवर मिळाली नव्हती. सुरुवात मात्र संथ डावांनीच करावी.