लिनोकटचा सेट, आठ महिने वापरून: सगळं जमलं, एका रोलरने रडवलं

लिनोकट म्हणजे लिनोच्या चपट्या तुकड्यावर चित्र कोरायचं, रोलरने शाई लावायची आणि त्या ठशाने छापायचं. सेटमध्ये येतं ते असं, हँडल, पाच पाती, करड्या लिनोचे दोन तुकडे, काळी शाई आणि रोलर. मी गेल्या जूनमध्ये 1,150 रुपयांना ऑनलाइन घेतला. आठ महिन्यांत कार्डं झाली, लेकाचा प्रोजेक्ट झाला, दिवाळीची पाकिटं झाली, पण लिहायचं राहूनच गेलं. आता बसलेय ती एकट्या रोलरसाठी, आणि हे जरा लांबणार आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून 35 कापडी पिशव्या घेतल्या होत्या, कोरा मांजरपाट, 28 रुपयाला एक, म्हणजे 980 रुपये गेलेच. त्यावर सुगडाचा ठसा मारायचा, ऊस, गाजर, बोरं वर डोकावणारी. ठसा कोरायला तीन रात्री गेल्या. पहिली पिशवी छापून बघितली तर सुगडाच्या बरोबर पोटावर एक फिकट आडवा पट्टा, बोटभर रुंद. म्हटलं रंग कमी पडला असेल. दुसरीवर जास्त घेतला, परत पट्टा, तिसरीवर पट्टा आणि वर कोरलेल्या बारीक रेषाही रंगाने बुजल्या. पाच पिशव्या वाया गेल्या तेव्हा हात थांबवला.

मग शोध सुरू. आधी वाटलं लिनोतच खड्डा आहे. ठसा काटकोनात फिरवून रंग लावला तर सुगडावरचा पट्टा आडव्याचा उभा झाला, म्हणजे लिनोचा दोष नाही. नुसत्या टाईलवर रंग घेऊन रोलर लांब ओढला, तर दर दहा सेंटिमीटरला एक पट्टा, शिवणाची टेप लावून मोजलं. रोलरचा घेरही बरोब्बर दहा. रबर एका बाजूने चपटं झालं होतं. डोळ्याला काही दिसत नव्हतं, पण दांडीतून काढून तिरक्या टाईलवर सोडला की दर वेळी त्याच अंगावर येऊन थांबायचा. वीस वेळा सोडून बघितला, वीसही वेळा तिथेच.

दिवाळीनंतर दोन महिने तो त्याच्याच खोक्यात होता, वर पुस्तकं. खोक्यातला खाचा असा आहे की रोलर रबरावरच झोपतो, दांडी हवेत. म्हणजे ज्याने खोकं बनवलं त्याने रोलर कसा ठेवतात हे बघितलंच नाही.

विकणाऱ्याला फोन केला. वापरलेली वस्तू परत होत नाही, मुदत सात दिवस. मी म्हटलं, परत नको हो, नुसता रोलर पाठवा, पैसे देते. रोलर सुटा मिळत नाही, पूर्ण सेट घ्या. फोटो पाठवले, टाईलवरच्या पट्ट्यांचा व्हिडिओ पाठवला, उत्तर आलं की रोलर स्वच्छ धुऊन वापरावा. तिसऱ्या मेलनंतर पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट द्यायचं कूपन आलं. मला कूपन नको होतं, मला दहा सेंटिमीटर गोल रबर हवं होतं! एवढ्याशा भागासाठी चांगली पाती, चांगलं हँडल असताना परत 1,150 रुपये घालायचे, हे मला आजही पटत नाही. म्हणून त्या दिवशी, जिथून घेतला त्या साइटवर एक स्टार देऊन मोकळी झाले.

बाकीच्या वस्तूंवर अन्याय नको, म्हणून त्यांच्याबद्दलही लिहिते. लिनो मस्त आहे. आधी मला तो प्लास्टिकचा काहीतरी प्रकार वाटायचा, पण लिनो म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा भुगा, राळ आणि पाठीला तागाचं कापड. आपण चटणी करतो तेच जवस, कापताना तेलाचा तो वास येतोच. जुना झाला की ते तेल आणखी सुकतं आणि लिनो कडक होतो, थंडीत तर जास्तच. डिसेंबरात पातं अडखळायला लागलं, मग कंबर शेकायची गरम पाण्याची पिशवी दहा मिनिटं लिनोवर ठेवली, नंतर लोण्यासारखं कापलं गेलं. कापताना पातं कायम अंगापासून दूर ढकलायचं आणि दुसरा हात पात्याच्या मागे. हे वाचलेलं असूनही मी ऑगस्टमध्ये डाव्या अंगठ्यात पातं घालून घेतलं आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आले. दुसऱ्या दिवशी सुताराकडून प्लायची फळी करून आणली, एका कडेला खालून पट्टी, समोरच्या कडेला वरून पट्टी. खालची पट्टी टेबलाच्या कडेला अडकते, वरच्या पट्टीला लिनो टेकतो, हाताने धरायची गरजच नाही. सेटमध्ये ही फळी असायलाच हवी होती, शाईची ट्यूब नसती दिली तरी चाललं असतं.

शाईही तशी बरी आहे, पाण्याची असल्यामुळे हात धुतले की झालं. पण एप्रिल-मेच्या सांगलीच्या हवेत टाईलवर पाच मिनिटांत सुकेल, दोन थेंब ग्लिसरीन घातलं की टिकते. छापून वाळल्यावरही पाणी लागलं की पसरते, त्यामुळे पाकिटांवर पत्ता लिहून पावसात पाठवायची असतील तर विचार करा. रंग नीट पसरला की नाही ते कानाने कळतं, रोलर टाईलवरून उचलला जाताना चर्र असा बारीक आवाज येतो. चपचप आवाज आला तर शाई जास्त आहे, थोडी पुसून घ्या. वरून दाबायला प्रेस लागत नाही, कागद ठेवून मी आमटीच्या डावाच्या बुडाने गोल गोल घासते. कागद पातळ असावा. पुण्याला गेले की शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून आणते, 1940 पासूनची संस्था आहे, सुती चिंध्यांचा कागद शाई काय सुंदर धरतो. जाड कार्डशीटवर डावाने घासून माझा तरी मनगटाचा जीव जातो.

खोडरबराचं वेगळं. पाच रुपयांचं पांढरं खोडरबर, तीच पाती, अर्ध्या तासात ठसा तयार, आणि स्टॅम्पपॅडवर दाबला की झालं, रोलर लागतच नाही. लिनो घ्यायच्या आधी महिनाभर खोडरबरांवर हात बसवा असंच मी सांगेन. फक्त ती प्लास्टिकच्या डब्यात ठेवू नका. मी आठ ठसे डब्यात घालून माळ्यावर टाकले, दोन महिन्यांनी उघडलं तर ते तळाला चिकटलेले आणि डब्याचा तळ खाली वितळल्यासारखा बुळबुळीत. या खोडरबरात ते मऊ राहावं म्हणून जे घातलेलं असतं ते डब्याच्या प्लास्टिकमध्ये उतरतं. आता एकेक ठसा कागदात गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.

अक्षरांबद्दल बोलायलाच हवं, कारण सगळ्यांचं तिथेच चुकतं. ठसा उलटा कोरायचा हे कळतं, पण वेलांटी फसवते. ‘तिळगूळ घ्या’ कोरताना बटरपेपरवर 6बी पेन्सिलने गिरवून, पालथा घालून चमच्याने घासून अक्षरं बरोबर उतरवली होती. पण ठशावर ती पहिली वेलांटी दीर्घ दिसायला लागली, म्हणून मी ती हाताने ‘दुरुस्त’ केली, दुसऱ्या अंगाला नेली. छापून आलं ‘तीळगूळ’. जाऊबाई शाळेत मराठी शिकवतात, त्यांनी कार्ड हातात घेतल्या घेतल्या तिथेच बोट ठेवलं. बटरपेपरवर विश्वास ठेवा, डोळ्यांवर नको.

आणि लेकाचा चौथीचा इतिहासाचा प्रोजेक्ट. त्याला महाराजांची राजमुद्रा हवी होती, अष्टकोनी. एवढा मजकूर एका खोडरबरावर माझ्याच्याने होणार नव्हता, म्हणून आम्ही मोर्तब केलं. पत्राच्या सुरुवातीला मुद्रा आणि शेवटी ‘मर्यादेयं विराजते’ हा छोटा शिक्का, पत्र इथे संपलं, याच्याखाली कोणी काही घुसडू नये म्हणून. शिक्कामोर्तब शब्द आपण रोज वापरतो, लेकाला त्या दिवशी तो हातात धरायला मिळाला. ‘र्या’चा रफार दोनदा तुटला, तिसऱ्या खोडरबरावर जमला. पोराने त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येक कागदाच्या खाली मोर्तब मारलं, लाइटबिलासकट.

(इथवर फेब्रुवारीत लिहून ठेवलं होतं. पुढचं आत्ताचं आहे, आणि माझं मत बदललंय.)

पिशव्या तर द्यायच्याच होत्या. उरलेल्या तीस मी शेवटी रोलरशिवाय छापल्या. जुन्या उशीतला फोमचा तुकडा, त्याला वरून मलमल बांधली आणि कपड्यांच्या रंगात टेकवून ठशावर टिपत गेले. खाली टेबलावर सतरंजीची चौपदरी घडी, वर पिशवी, वरून ठसा उलटा ठेवून तळहाताने दाब. पहिलीच पिशवी उघडली आणि मी बघतच राहिले, सुगडाचा काठ, बोराचा देठ, सगळं उमटलेलं, मांजरपाटाच्या विणीत रंग बसलेला. कपड्यावर रोलर लागतच नाही! ब्लॉकप्रिंटवाले रंगाच्या गादीवरच ठसा टेकवतात, खाली गादीचं टेबल असतं, हे मी कितीदा बघितलंय, पण सेटमध्ये रोलर आहे म्हणून तोच धरून बसले होते. एक दिवस वाळवून उलट्या बाजूने इस्त्री केली, मी माझी पिशवी चार वेळा धुतली, रंग आहे तसा आहे.

पण कागदावर फोम चालत नाही, टिपक्या टिपक्या दिसतात. म्हणजे कार्डांसाठी रोलर हवाच. तेव्हा आमच्या गल्लीतल्या प्रेसच्या काकांकडे घेऊन गेले. लग्नपत्रिकांचा त्यांचा धंदा, आता सगळं ऑफसेटवर, पण पायाने चालवायचं जुनं छपाईचं ट्रेडल मशीन अजून कोपऱ्यात आहे. त्यांनी रोलर हातात घेतला, अंगठा फिरवला आणि नेमक्या चपट्या जागेवर थांबले. मी त्यांना काही सांगितलंही नव्हतं.

“वहिनी, रोलर कधी पोटावर झोपवू नये. टांगायचा.”

मग सांगत बसले, पूर्वी रोलर प्रेसमध्येच ओतायचे, सरस आणि काकवी वितळवून, साच्यात. उन्हाळ्यात मऊ पडायचा, थंडीत कडक व्हायचा, म्हणून उन्हाळ्याचं मिश्रण वेगळं आणि थंडीचं वेगळं. रात्री मशीनवर टेकलेला राहिला तर सकाळी मालकाच्या शिव्या. माझ्या ‘तीळगूळ’चं ऐकून म्हणाले, ठसा आरशासारखा वाचायला जाऊच नका, अक्षरांची डोकी खाली करून धरा. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवताना कंपोझिटर तसंच वाचतो, अक्षरं पालथी दिसतात पण ओळ डावीकडून उजवीकडे चालते. घरी येऊन तो ठसा तसा धरला तर चुकीची वेलांटी एका नजरेत दिसली. पाच महिने आधी कळायला हवं होतं.

रोलर त्यांनी दांडीतून काढला, ड्रिलमध्ये बसवला आणि बारीक पॉलिश पेपर धरून हळूहळू फिरवला, मध्ये मध्ये थांबून टाईलवर सोडून बघायचे. काळा भुगा उडत होता. वीसेक मिनिटांनी टाईलवरून खाली गेला तो सरळ कडेपर्यंत, कुठे थांबला नाही. पॉलिश पेपरचे पंधरा रुपये, मजुरी घेतली नाही, पाडव्याला घराच्या नावाची कार्डं छापून द्यायची ठरली. पट्टा अगदी गेला असं नाही म्हणणार, गडद काळ्यात नीट बघितलं तर किंचित सावली दिसते. 1930 सालचं चित्रकार नंदलाल बोस यांचं काठी घेतलेल्या गांधीजींचं लिनोकट आठवा, मागे सगळा काळा आणि त्यात कोरलेल्या पांढऱ्या रेषा. तसा काळा भरायचा असेल तर हा रोलर पुरणार नाही. माझ्या कार्डांना पुरतो.

तर स्टार एकाचे तीन केलेत. पाती आणि लिनोला मी पाचही दिले असते, दोन कापले ते सुटा रोलर विकत नाहीत म्हणून आणि त्या खोक्यासाठी. नव्याने घेणाऱ्यांनी पूर्ण सेट घेऊ नका, हँडल-पाती सुटी घ्या, लिनो सुटा घ्या, रोलर दुकानात जाऊन हातात घेऊन टाईलवर फिरवून घ्या. आधीच सेट घेतला असेल तर आज घरी गेल्यावर रोलर खोक्यातून बाहेर काढा. माझा आता स्वयंपाकघरात गाळणीशेजारी खिळ्याला टांगलेला असतो.