मांजराच्या लघवीचा वास आणि एन्झाइम क्लीनर : बाटलीच्या आवाक्यातले आणि आवाक्याबाहेरचे

लिटर बॉक्स सोडून सोफ्यावर किंवा गादीवर लघवी करणारे मांजर घरात असेल, तर एन्झाइम क्लीनरची बाटली आज ना उद्या आणावीच लागते. मी वापरत असलेला क्लीनर वास घालवण्यात चोख आहे. मात्र ‘मांजराची सवय मोडते’ हा बाटलीवरचा दावा अर्धाच खरा आहे.

साबणाने पुसल्यावर डाग दिसेनासा होतो, पण हवा दमट झाली की वास पुन्हा डोके वर काढतो, कारण लघवीतील यूरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात फारसे विरघळत नाहीत आणि धाग्यांत तसेच चिकटून राहतात. सुगंधी फवारे हा वास नुसता झाकतात, तर हा क्लीनर त्या अवशेषांचे विघटन करतो. त्याला वेळ मात्र द्यावा लागतो. सूचनेत पंधरा मिनिटे लिहिली आहेत. फरशीला तेवढी पुरतात, गादीला मुळीच नाही. लघवी फोममध्ये जितकी खोल मुरली असेल तितकाच खोल क्लीनर पोहोचायला हवा, आणि इथेच बाटलीचा फवारा कमी पडतो, कारण त्याचे बारीक तुषार वरचे कापड ओलावून थांबतात. मी झाकण काढून द्रव थेट शिवणीवर ओततो, वर प्लॅस्टिक अंथरतो आणि रात्रभर तसेच ठेवतो. रंग जातो का, हे आधी आतल्या बाजूच्या कापडावर पाहिलेले बरे. जुने डाग शोधायला अंधारात अतिनील टॉर्च उपयोगी पडते. सोफ्याच्या पायांशी कधी लक्षातही न आलेले पिवळसर पट्टे तिने उघडे पाडले.

त्याच जागी आधी फिनाइल किंवा ब्लीच वापरले असेल, तर एन्झाइम निकामी होण्याची शक्यता असते. ब्लीच आणि लघवीतील अमोनिया एकत्र आल्यास विषारी वायू तयार होतो, आणि फिनाइलमधील फिनॉल मांजरांना घातक असते, त्यामुळे ही दोन्ही दूर ठेवलेलीच बरी.

जुना वास गेला की मांजर त्याच जागी परतण्याचे एक कारण संपते, एवढेच श्रेय बाटलीला द्यावे. बॉक्स अस्वच्छ किंवा अपुरा असेल, मूत्राशयाला सूज असेल किंवा खच्चीकरण न केलेला बोका भिंतीवर फवारे मारत असेल, तर क्लीनर काय करणार? बॉक्स रोज साफ करावा आणि मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवावा, हा पशुवैद्यांचा नेहमीचा सल्ला आहे. बोका वारंवार जोर करत असेल आणि लघवी होत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. अशा वेळी डाग पुसत न बसता त्याला तातडीने दवाखान्यात न्यावे.

विकत घेताना बिनवासाचा आणि मोठ्या कॅनमधला प्रकार निवडावा. लव्हेंडरच्या वासाचाही मी वापरून पाहिला, पण त्यात मूळ वास खरोखर गेला की नाही, हेच कळत नाही.