पीआरटीजीचे लायसन्स : बसवणे सोपे, पुरवून वापरणे अवघड

पेसलर या जर्मन कंपनीच्या पीआरटीजी नेटवर्क मॉनिटर या देखरेख सॉफ्टवेअरमध्ये लायसन्स बसवण्याचे काम थोडक्यात आटोपते. सेटअपमधील लायसन्सच्या पानावर ईमेलने आलेले लायसन्सचे नाव आणि की (लायसन्सचा सांकेतिक क्रमांक) भरायची असते. मात्र नुसती की बरोबर असून भागत नाही, नावही अक्षरशः जुळावे लागते. त्यामुळे दोन्ही हाताने टाइप न करता कॉपी करून चिकटवणेच श्रेयस्कर. सर्व्हरला इंटरनेट असल्यास अ‍ॅक्टिव्हेशन (लायसन्स चालू करणे) तिथल्या तिथे होते, आणि नसल्यास दुसऱ्या संगणकाच्या मदतीने ऑफलाइन करण्याची सोय आहे.

खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, कारण हे लायसन्स उपकरणांची नव्हे तर सेन्सरची, म्हणजे उपकरणावरील एकेका देखरेखीच्या बाबीची, संख्या मोजते. प्रोसेसरवरील ताण हा एक सेन्सर, डिस्कवरील मोकळी जागा हा दुसरा, स्विचच्या एका पोर्टवरील रहदारी हा तिसरा. प्रत्येक उपकरणाला साधारण ५ ते १० सेन्सर लागतात, असे धरून चालावे. ४८ पोर्टच्या स्विचवर प्रत्येक पोर्टला एक सेन्सर लावला, तर मोफत आवृत्तीतील १०० सेन्सरची मर्यादा जवळजवळ निम्मी संपते. नेटवर्कमधील उपकरणे स्वतःहून शोधणारी सुविधा सापडेल त्याला सेन्सर लावत सुटते, म्हणून ती चालवल्यावर यादी चाळून अनावश्यक सेन्सर काढून टाकणे हा लायसन्स सांभाळण्याचाच भाग समजावा. एका सेन्सरमधील चॅनेल, म्हणजे त्यातली निरनिराळी मूल्ये, वेगळे मोजले जात नाहीत, ही जमेची बाजू. एसएनएमपी (उपकरणांकडून माहिती मिळवण्याची प्रमाण पद्धत) वापरणाऱ्या ‘एसएनएमपी कस्टम अ‍ॅडव्हान्स्ड’ या सेन्सरमध्ये १० पर्यंत मूल्ये एकत्र पाहता येतात; ज्याने हे ओळखले, त्याला लहान लायसन्सही बराच काळ पुरते.

मर्यादा ओलांडली की जास्तीचे सेन्सर ‘लायसन्समुळे थांबवलेले’ या स्थितीत जातात. ते निळे दिसतात, लाल नव्हे, आणि थांबलेला सेन्सर धोक्याची सूचना देत नाही. देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी शांतता मला सर्वांत खटकते. ३० दिवसांची चाचणी आवृत्ती संपून मोफत आवृत्ती सुरू होते तेव्हा नेमके हेच घडते, तेव्हा कोणते सेन्सर ठेवायचे हे मुदतीआधी स्वतःच ठरवावे.

अ‍ॅक्टिव्हेशन यंत्राच्या सिस्टम आयडीशी (त्या संगणकाच्या ओळख क्रमांकाशी) बांधलेले असल्यामुळे सर्व्हर बदलल्यास ते पुन्हा करावे लागते. स्थलांतराच्या कामाच्या यादीत ही पायरी, ईमेलमधील नाव आणि की यांच्यासह, लिहून ठेवलेली बरी. दूरच्या शाखांत बसवून तिथली देखरेख करणाऱ्या रिमोट प्रोब या पूरक प्रोग्रॅमसाठी वेगळे लायसन्स लागत नाही, आणि एका राखीव सर्व्हरसह क्लस्टर (एक बंद पडल्यास दुसरा काम सांभाळेल अशी जोडी) उभारायचा असल्यास दोन यंत्रांना एकच की चालते. झॅबिक्ससारख्या मुक्तस्रोत देखरेख सॉफ्टवेअरच्या पर्यायात सेन्सरची ही मोजदाद मुळातच नाही. तिथे मोजदादीचा वाचलेला वेळ सॉफ्टवेअरची मांडणी शिकण्यात जातो.