चुंगड्यांचं घर: दोन उन्हाळे, दोन पावसाळे राहून लिहितोय

लाकडाची चौकट आणि मधे मुरमाने भरलेल्या चुंगड्या, म्हणजे प्लास्टिकची पोती, असं घर बांधून दोन वर्षं झाली. पहिल्याच महिन्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, म्हणून थांबलो. हिंगणघाटच्या इकडे शेतातच आहे, 12 बाय 20 ची खोली आणि पुढे 8 फुटाची छपरी. बांधून देणारी टीम तिघांची होती, एक आर्किटेक्ट ताई आणि दोन मिस्त्री, बाकी मजुरी आम्ही घरच्यांनी आणि गावातल्या चौघांनी केली.

लोक चुंगड्यांच्या घुमटाचे व्हिडिओ बघून येतात आणि विचारतात की तसा घुमट का नाही केला, तर ती पद्धत वेगळी आहे. नादेर खलिली म्हणून इराणचे आर्किटेक्ट होते, अमेरिकेत गेलेले, त्यांच्या पद्धतीत चुंगड्याच सगळा भार घेतात आणि थरांच्या मधे काटेरी तार टाकतात, त्याला 2004 मध्ये आगा खान पुरस्कारही मिळालाय. आमचं घर दक्षिण आफ्रिकेच्या पद्धतीचं. तिकडे केपटाऊनच्या मिचेल्स प्लेन भागात फ्रीडम पार्क वस्तीत गरीब कुटुंबांसाठी अशी 10 घरं बांधली, आर्किटेक्ट लुयांदा म्पाह्लवा यांच्या ऑफिसने, आणि 2008 मध्ये त्यांना करी स्टोन नावाचं मोठं बक्षीस मिळालं. त्यात दोन लाकडी पट्ट्या समोरासमोर ठेवून मधे पत्र्याची नागमोडी पट्टी ठोकतात, तो झाला खांब, तशीच आडवी बीम, आणि छताचा भार पूर्ण त्या लाकडावर. चुंगड्या फक्त भिंत भरायला. वरून जाळी मारायची आणि प्लास्टर.

आता तिकडे रेती भरतात कारण तो सगळा भागच रेतीचा आहे, पायाखाली फुकट. आपल्याकडे रेतीघाट कधी सुरू कधी बंद, ट्रॅक्टरचा भाव ऐकला की गरीबाचं घर ही गोष्टच विसरा. ताईंच्या पहिल्या कागदावर रेतीच होती, मी म्हटलं ताई, शेततळं खोदलं तेव्हाचा मुरमाचा ढीग बांधावर पडून आहे, तो चालत नाही का? त्यांनी दोन चुंगड्या भरून धुम्मसने ठोकून बघितल्या आणि लगेच हो म्हणाल्या. ही गोष्ट मला लई आवडली, ऐकून घेणारी माणसं आहेत. साडेचार ब्रासच्या आसपास मुरूम लागला, आठशेच्या वर चुंगड्या. पण काळी माती भरायची नाही म्हणजे नाही, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिचा स्वभाव आपल्याला माहीतच आहे. पायासुद्धा काळ्या मातीत सोडू नका, आमच्याकडे चार फुटावर मुरूम लागला तिथपर्यंत खोदून दगड भरले. युरियाची रिकामी चुंगडी फुकटात मिळते म्हणून वापरायची असेल तर धुवून घ्या, खताचा अंश ओल ओढतो. आम्ही नवीनच घेतल्या.

आई तेव्हा म्हणाली होती, "आता चुंगड्यायच्या घरात राहाचं काय रे बापा?" तिला वाटत होतं पूर आल्यावर बांधतात तसला बंधारा होईल. आता दुपारी ती भावाच्या स्लॅबच्या घरातून उठून इथे येऊन झोपते.

उन्हाचं खरं सांगतो. मे महिन्यात छपरीत थर्मामीटर 45 दाखवत होता तेव्हा आत 35 होतं, आणि त्याच दुपारी भावाच्या स्लॅबखाली 40. जवळपास फूटभर जाडीची ठोस भिंत आहे, उष्णता आत यायला तिला संध्याकाळ होते. त्याचा दुसरा भाग कोणी सांगत नाही, तीच उष्णता मग रात्री आत सुटते, म्हणून अकरापर्यंत खिडक्या सताड उघड्या ठेवून आम्ही छपरीतच बसतो. आणि भिंत कितीही चांगली असली तरी वर टिना (पत्रे) टाकल्या की सगळं वाया. आम्ही जुनीच कवेलू (कौलं) चढवली, खाली बांबूच्या तट्ट्याचं सिलिंग.

ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते म्हणजे लाकूड. या घरात महाग काही असेल तर चौकट, आणि नवीन सागवान आपल्या आवाक्यात नाही. आमच्या आजोबांची माडी पडायला आली होती, एक व्यापारी सगळं लाकूड उचलायला तयार होता 22 हजारात. मोठे मिस्त्री आले, त्यांनी एका मयालीवर (छताच्या जाड तुळईवर) वाकस (लाकूड तासायचं हत्यार) मारून बघितला, आतून लाकूड एकदम सोन्यासारखं निघालं, म्हणाले, "भाऊ, हे इकू नका, तुमचं घर इथंच पडून हाये." त्याच मयाली आणि कड्या फाडून सगळी चौकट झाली, थोड्या पट्ट्याच विकत घ्याव्या लागल्या. गावोगाव हेच चाललंय, घरकुल मंजूर झालं की जुनं कवेलूचं घर पाडायचं आणि साठ सत्तर वर्षांचं सागवान मातीच्या भावात द्यायचं, मला बघवत नाही.

उदईची, म्हणजे वाळवीची भीती असते, ती खरी आहे. खांब जमिनीत गाडायचे नाहीत, दगडी बैठकीवर लोखंडी पट्टीने धरायचे, आणि दरवर्षी उदईचं औषध मारायचं. आमच्या जुन्या लाकडाला अजून काही नाही, पण छपरीचा एक खांब टीमने ओल्या निलगिरीचा लावला होता तो वर्षात उभा चिरला. बदलून दिला, पैसे घेतले नाहीत, पण फोन चार वेळा करावा लागला.

मोठी तक्रार वेगळीच आहे. भिंती भरून झाल्या आणि एप्रिलच्या शेवटी टीम दुसऱ्या कामावर गेली ती 18 दिवस आलीच नाही. ही प्लास्टिकची चुंगडी उन्हात टिकत नाही, तिच्यावर लवकर प्लास्टर पडायला पाहिजे हे त्यांनीच सांगितलेलं, आणि पश्चिमेच्या भिंतीवर चाळीसेक चुंगड्या बोट लावलं की फाटायला लागल्या. त्या काढून परत भरल्या, मजुरी अर्धी आमच्याकडून गेली. मग घाईत प्लास्टर झालं, आणि पहिल्याच पावसात खालच्या कोपऱ्यात शिंतोडे उडून ते फुगलं, तिथून उंदरांनी चुंगडी कुरतडली. आता छप्पर दीड फूट पुढे काढलंय, खाली दगडाची पट्टी लावलीये, दुसऱ्या पावसाळ्यात काही झालं नाही. त्यामुळे काम ठरवताना लिहून घ्या, भिंत संपली की प्लास्टर सुरू, मधे खंड नाही. दरवर्षी थोडी डागडुजी करावीच लागते, सेवाग्रामचं 1936 चं आदी निवास पण माती, लाकूड, बांबूचंच आहे आणि लोक हात फिरवत राहिले म्हणून उभं आहे.

खिळा कुठेही ठोकता येत नाही, फक्त लाकडात, म्हणून फळी, पंखा, बोर्ड कुठे येणार ते आधीच ठरवा. पाण्याची टाकी छतावर नाही, बाजूला स्टँडवर.

खर्च सगळा मिळून 2 लाख 70 हजार, म्हणजे छपरी धरून फुटाला 800 च्या आसपास, जुनं लाकूड आणि घरच्यांची मेहनत त्यात धरलेली नाही. तेवढ्याच जागेला स्लॅबचं कोटेशन 1600 ने आलं होतं. घरकुलाचं आपल्याकडे मूळ अनुदान 1 लाख 20 हजार आहे आणि घर किमान 25 चौरस मीटरचं लागतं, त्यात असं बसेल का हे बरेच जण विचारतात. आमचं घरकुल नव्हतं, पण घरातले चार हात आणि जुनं लाकूड असेल तर हिशोब खूप जवळ येतो. ग्रामसेवकाला काम सुरू करायच्या आधी विचारा, नंतर नाही.

पाचपैकी चार. एक त्या 18 दिवसांचा कापला.

शेजारच्या काकांच्या माडीचा सौदा मागच्या आठवड्यात ठरत आला होता, 30 हजारात. त्यांना इथे आणून बसवलं, चौकट दाखवली, तोच मुरूम दाखवला. सौदा थांबलाय. लाकूड त्यांनी दगडांवर रचून वर टिना झाकून ठेवलंय, आणि टीम दिवाळीनंतर येऊन बघणार आहे.