ब्राउझरवरचं बिलिंग सॉफ्टवेअर : सपोर्टचे फोन घेणाऱ्याचा अनुभव

आमचं कर सल्लागाराचं ऑफिस. दिवाळीनंतर ऑफिस आणि आमच्याकडे हिशेब असलेले बरेचसे दुकानदार ब्राउझरवर चालणाऱ्या बिलिंगवर आले. दुकानदारांचे फोन मीच घेतो, म्हणून त्याच बाजूने लिहितोय.

आधीचं सॉफ्टवेअर प्रत्येक कॉम्प्युटरवर इन्स्टॉल केलेलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांतल्या बहुतेक वस्तू ५ आणि १८ मध्ये आल्या, तेव्हा एकेका दुकानाच्या कॉम्प्युटरमध्ये एनीडेस्कने (दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) शिरून अपडेट टाकावा लागला. कुणाची सी ड्राइव्ह भरलेली, कुणाचा अँटिव्हायरस फाइल अडवतोय, कुणाकडे मराठी फॉन्टच नाही म्हणून बिलावर मालाच्या नावाऐवजी भलतीच अक्षरं. आता दर सर्व्हरवर एकदा बदलला की सगळीकडे बदलतो, मराठी युनिकोडमध्ये आहे, म्हणजे वेगळा फॉन्ट टाकावा लागत नाही, आणि ‘तुमचं व्हर्जन कुठलं?’ हे मी विचारायचंच बंद केलंय. एवढ्यासाठी पैसे वसूल.

पण फोन थांबले असं नाही. सर्वांत जास्त येतात प्रिंटचे. ‘दादा, टोटल कापली जातेय.’ ८० मिमीचा थर्मल प्रिंटर, त्याचा ड्रायव्हर, कागदाचा साइज, हे सगळं अजून दुकानातल्याच मशीनवर. क्रोमच्या प्रिंट खिडकीत ‘मोअर सेटिंग्ज’ उघडून मार्जिन ‘नन’ करा, ‘हेडर्स अँड फूटर्स’ची खूण काढा, नाहीतर बिलावर तारीख आणि वेबसाइटचा पत्ता छापून येतो. विंडोज ७ वाल्यांना तर मशीनच बदलायला सांगावं लागलं. त्यावर क्रोम १०९ च्या पुढे जातच नाही.

खरा त्रास २० तारखेचा. ३बी, म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, भरायचा शेवटचा दिवस, आणि एका महिन्यात नेमका तेव्हाच कंपनीचा सर्व्हर रखडला. पूर्वी एक मशीन बिघडलं तर एकच दुकान अडायचं. त्या दिवशी सगळ्यांचे फोन एकदम, आणि माझ्या हातात फक्त कंपनीकडे केलेल्या तक्रारीचा तिकीट नंबर. आणखी एकदा सॉफ्टवेअरमधल्या बटणांच्या जागा रात्रीत बदलल्या, कुणाला पूर्वसूचना नाही. सकाळी दुकानं उघडल्यापासून मी तेच समजावत होतो. हे चुकीचंच आहे.

घेणाऱ्यांनी आधी एक पाहावं : आपला सगळा डेटा कंपनीला न विचारता एक्सेलमध्ये उतरवता येतो का? मी दर शनिवारी उतरवतो. २० तारखेला त्याच फाइलवरून आकडे जुळवून रिटर्न भरले.

डोंगराकडच्या एका खतविक्रेत्याचं मात्र जुन्यावरच ठेवलंय. तिथे वीज गेली की मोबाइलचा टॉवरही जातो, आणि पेरणीच्या गर्दीत नेट येईपर्यंत शेतकऱ्याला थांबवून ठेवता येत नाही.